सोव्हिएत राज्य गेलं, मग पात्रांव (मालक) तोच कसा?

मोरजीकार
आमच्या भाड्याच्या तीन खोल्या आहेत. गेल्या हंगामात एक रशियन आजी दोन महिने राहिली. 1992 साली सरकारनं तिकडं माणशी 10,000 रूबलचा एक कागद वाटला, व्हाउचर. सरकारी कारखान्यांत तुमचा वाटा म्हणून. हिनं तो विकून मुलाला बूट घेतले. विकला कुणाला? तर तिच्याच कारखान्याच्या डायरेक्टरला! त्यानं गेटवर टेबल मांडून माणसं बसवली होती. (दुभाषी आमची मुलगी आणि तिचा मोबाईल, तेव्हा उन्नीस-बीस धरा.) कम्युनिस्ट पक्ष गेला, लाल झेंडा उतरला, मग पात्रांव तोच कसा?

फोंड्याचो मास्तर
किल्ल्या त्याच्याच कंबरेला होत्या ना! कागदावर मालक सरकार, पण माल कुठं पडलाय, बँकेत कुणाला भेटायचं, हे डायरेक्टरलाच ठाऊक. चेर्नोमिर्दिन बघा. सोव्हिएत गॅसमंत्री. 1989 मध्ये अख्खं मंत्रालयच गाझप्रोम ही गॅस कंपनी झालं, हे तिथले प्रमुख, आणि 1992 च्या डिसेंबरात रशियाचे पंतप्रधान. पण सगळे जुनेच टिकले असंही नाही. मागच्या बाकावरची पोरं पुढं आली. खोदोर्कोव्स्की पक्षाच्या युवक संघटनेतला. बँक काढली, 1995 मध्ये कडकीतल्या सरकारला कर्ज देऊन तारण म्हणून शेअर घ्यायची जी टूम निघाली, तीत युकोस ही तेल कंपनी पटकावली. 2003 मध्ये तुरुंगात गेला, ती गोष्ट वेगळी.

डिचोलकर
मास्तर, सगळीकडं रशिया नाही हां. चेकोस्लोव्हाकियानं 1991 मध्ये कायदा करून जुन्या गुप्त पोलिसांना नि पक्षाच्या बड्यांना मोठ्या सरकारी पदांवर बंदी घातली. उलट कझाकस्तानात नझरबायेव पक्षाचे प्रमुख होते ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि 2019 पर्यंत हलले नाहीत.
आणि आपलं, गोव्याचं काय? पोर्तुगीज 1961 ला गेले, त्यांनी दिलेल्या खाणींच्या सनदा 1987 पर्यंत चालल्या, मग कायद्यानं त्यांचीच लीज झाली. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. पण कुळकायदा त्यांच्याच राज्यात आला, म्हणून त्यांना मी रशियन पंगतीत बसवणार नाही.

मोरजीकार
आजीला टेलिग्रामवर विचारलं. डायरेक्टर कधीच वारला, म्हणते. त्याच्या पोरानं कारखाना पाडून मॉल बांधलाय. गेट तेवढं तेच आहे.