केप डिसअपॉइंटमेंट : निराशा, हिरमोड की भ्रमनिरास?

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या साउथ जॉर्जिया बेटाच्या दक्षिण टोकाचं नाव 'केप डिसअपॉइंटमेंट'. मराठीत याचा अर्थ सांगायचा तर 'निराशेचं भूशिर' हेच चटकन तोंडी येतं. मला ते पटत नाही. नाव कुठल्या क्षणी पडलं ते पाहा.

जानेवारी १७७५. दक्षिणेला मोठा खंड आहे का, याचा कॅप्टन जेम्स कुक 'रेझोल्यूशन' जहाजातून छडा लावत होता. हा किनारा दिसला तो ५४ ते ५५ दक्षिण अक्षांशावर. कुकचं यॉर्कशायरमधलं जन्मगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण एवढंच दूर. इथे तर ऐन उन्हाळा चालू, तरी डोंगर बर्फाने झाकलेले, हिमनद्या थेट समुद्रात उतरलेल्या आणि त्यांचे कडे तुटून पाण्यात पडताहेत. एवढं बर्फ आहे म्हणजे मागे अफाट जमीन असणार, असं कुणालाही वाटलं असतं. १७ तारखेला कुकने किनाऱ्यावर उतरून राजा तिसऱ्या जॉर्जच्या नावाने ताबा घेतला. त्या जागेचं नाव 'पझेशन बे'. तिथून किनारा उजव्या हाताला ठेवून जहाज आग्नेयेला निघालं. २० तारखेला टोक आलं, आणि पलीकडचा किनारा वायव्येकडे वळलेला दिसला, म्हणजे जिथून सुरुवात केली तिकडेच परत. खंड कसला, सत्तरेक लीग (एक लीग म्हणजे तीन सागरी मैल) घेराचं बेट! ताब्यापासून या नावापर्यंत तीनच दिवस गेले.

निराशेत पुढची उमेद मावळते. कुक तर तसाच आग्नेयेला गेला आणि महिनाअखेरीस त्याला साउथ सँडविच बेटं सापडली. हिरमोड होतो तो सहलीच्या दिवशी पाऊस लागला की; इथे तो फार लहान पडतो. माझं मत 'भ्रमनिरास'ला. यातला 'निरास' म्हणजे दूर सारणं, निरसन. निराशेशी त्याचा संबंध नाही, म्हणून 'भ्रमनिराश' हे लेखन चूक. खंडाचा भ्रम त्या वळणावर फिटला, आणि कुकचा नवा निष्कर्ष बरोबर होता.

याच नावाचं दुसरं भूशिर अमेरिकेत कोलंबिया नदीच्या मुखाशी आहे. १७८८मध्ये जॉन मीअर्स हा इंग्रज दर्यावर्दी व्यापारी तिथे नदी शोधायला गेला, नदी नाहीच असं ठरवून परतला आणि जाताना हे नाव देऊन गेला. नदी होतीच! तिथे मात्र मी खुशाल 'निराशा' लिहीन. एकच इंग्रजी शब्द, पण मराठीत दोन लागतात.

'भूशिर' मला आवडतो. 'केप'च्या मुळाशी लॅटिन 'कापुत' म्हणजे डोकं आहे, आपल्याकडे 'शिर'. गोव्यातल्या 'काब द राम'मधला 'काब' त्याच घराण्यातला, पोर्तुगीज 'काबो'. तरी बोलताना 'टोक' जास्त सहज येतं. 'भ्रमनिरासाचं टोक' कानाला कसं वाटतं? किनाऱ्यावरच्या मंडळींकडे याहून नेमका शब्द असेल तर जरूर सांगा.