पॅकियाओ संपला का? रविवारची (२० जुलै २०२५) सोसायटी ग्रुपवरची चर्चा

अमेय (बी-३०२): झाली एकदाची फाइट! फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ आणि अमेरिकेचा मारिओ बॅरिओस, निकाल बरोबरी. एका जजने गुणांवर ११५-११३ अशी बॅरिओसला दिली, बाकी दोघांनी ११४-११४. माणूस ४६ वर्षांचा, चार वर्षं अधिकृत लढत नाही, आणि समोर ३० वर्षांचा वर्ल्ड चॅम्पियन! गेल्या आठवड्यात इथेच सगळे म्हणत होते ना, म्हातारा मार खाऊन येणार म्हणून?

मुकादम काका (सी-२०१): मी पण उठल्यापासून टीव्हीसमोरच होतो. जीव मुठीत धरून बघितली. सातव्या-आठव्या राउंडला वाटलं, घेतो आज चॅम्पियनचा बेल्ट.

सेक्रेटरी (ए विंग): सर्व सभासदांना सूचना. आज टाकी साफ करायची असल्याने दुपारी २ ते ५ पाणी बंद राहील. भरून ठेवावे.

देशपांडे काका (ए-४०१): अमेय, तुझा उत्साह समजतो. पण आम्ही हा उत्साह १९८० साली केलेला आहे. मोहम्मद अली ३८ वर्षांचा, दोन वर्षं लढलेला नव्हता. लॅरी होम्सशी लढायला आला तेव्हा वजन उतरवलेला, फोटोत अगदी पूर्वीचा अली दिसत होता. आम्ही पोरं म्हणत होतो, हा पुन्हा चमत्कार करणार. होम्स हा त्याचाच जुना सरावाचा जोडीदार. एकही राउंड अलीला मिळाला नाही. दहाव्यानंतर त्याच्या कोचने, अँजेलो डंडीने, लढत थांबवली. दुसऱ्या दिवशी पेपरातला फोटो बघवला नव्हता.

अमेय (बी-३०२): पण काका, पॅकियाओचं तसं झालंच नाही ना. तो बरोबरीत सुटला. आणि जॉर्ज फोरमनचं काय? १९९४ मध्ये ४५व्या वर्षी मायकल मूररला झोपवून हेवीवेटचा चॅम्पियन झाला. बर्नार्ड हॉपकिन्सकडे तर ४९व्या वर्षी दोन बेल्ट होते.

रूपाली वहिनी (बी-१०३): आपल्या मेरी कोमनेही सहावं वर्ल्ड टायटल पस्तिशीतच घेतलं की, २०१८ मध्ये. तीन मुलांची आई असताना. वय वय काय करता सगळे?

मुकादम काका (सी-२०१): सुभेदार कुठे आहेत? या विषयावर त्यांनी बोलायला पाहिजे.

सुभेदार पवार (ए-१०४): आहे, आहे. लढत संपल्यावर परत पहिल्यापासून बघत होतो, म्हणून गप्प होतो. थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

अमेय, तू निकाल बघितलास. मी शेवटचे तीन राउंड बघितले. दहावा, अकरावा, बारावा. तिन्ही जजनी हे तिन्ही राउंड बॅरिओसला दिलेत. म्हणजे नवव्याअखेर पॅकियाओ तिघांच्याही गुणांच्या कार्डावर पुढे होता, त्यातला एक राउंड जरी हातात ठेवला असता तरी बेल्ट त्याच्या कमरेला असता. नाही ठेवता आला. दहाव्यापासून तो आत शिरतोय, दोन ठोसे मारतोय आणि तिथेच उभा राहतोय. पूर्वी तो तिथे उभा नसायचा. २००८ मध्ये ऑस्कर डे ला होयाला त्याने आठ राउंडमध्ये खुर्चीतून उठण्यालायक ठेवलं नव्हतं, ती लढत काढून बघ. डावखुरा माणूस, मारतो आणि कोनातून बाहेर पडतो, समोरचा वळेपर्यंत दुसऱ्या बाजूने परत आत. त्याचा सगळा खेळ पायांवर होता. हात जोरकस होतेच, पण पाय त्यांना जागेवर नेऊन पोचवायचे.

बॉक्सरचे पाय आधी जातात. मग जाते ती दिसणं आणि हलणं यांच्यामधली चपळाई. ठोसा येतोय हे डोळ्याला कळतं, डोकं मात्र उशिरा हलतं. ठोशाची ताकद सगळ्यात शेवटी जाते, म्हणून लोक फसतात. सरावाच्या पॅडवर अजून फटाफट आवाज येतो ना? चाहत्यांना वाटतं, आहे की तस्साच.

फोरमनचं उदाहरण म्हणून चालत नाही. तो पायांवर कधीच खेळला नाही. मूररविरुद्ध नऊ राउंड तिन्ही कार्डांवर मागे होता, मार खात उभा राहिला, दहाव्यात एक उजवा लागला आणि संपलं. हेवीवेटमध्ये एक ठोसा पुरतो. पॅकियाओ लढतो १४७ पौंडाला, म्हणजे साधारण ६६.७ किलो, तिथे बारा राउंड पळावं लागतं. हॉपकिन्स हा बचावाचा माणूस, समोरच्याला लढूच द्यायचा नाही. आणि त्याचाही शेवट सांगतो. २०१६ मध्ये ५१व्या वर्षी ज्यो स्मिथने त्याला दोऱ्यांमधून रिंगच्या बाहेर फेकलं. बाहेर, खाली जमिनीवर.

अमेय (बी-३०२): ओके, पण मग तुमच्या मते तो संपला केव्हा? २०१९ मध्ये तर कीथ थर्मनला पहिल्याच राउंडला पाडलं होतं. ४० वर्षांचा होता, वेल्टरवेटमधला, म्हणजे त्याच १४७ पौंडांच्या गटातला, सगळ्यात वयस्क चॅम्पियन!

सुभेदार पवार (ए-१०४): ऐन भरातला पॅकियाओ २००८ ते २०१० चा. डे ला होया, हॅटन, कोटो, मार्गारितो, एकामागून एक. २०१२ मध्ये मार्केझने सहाव्या राउंडच्या शेवटच्या क्षणी त्याला तोंडावर पाडलं, तिथून उतार. थर्मनची लढत उतारावरची होती, पण फार हुशारीने लढलेली. उतारावर असणं आणि संपणं यात अंतर असतं आणि ते अंतर एवढा मोठा खेळाडू बरीच वर्षं अनुभवाने भरून काढतो. तेच लास व्हेगासला काल रात्री, म्हणजे आपल्या आज सकाळी, दिसलं. म्हणून तुझं अर्धं बरोबर आहे, तो संपलेला नाही. पण भर ओसरून आता दहा-बारा वर्षं झाली.

आकडा हवा तर घे. २०२१ मध्ये क्यूबाच्या योर्डेनिस उगासविरुद्ध हरला, त्यात त्याने ८०० च्या वर ठोसे फेकले होते. काल ६०० सुद्धा नाहीत. लागलेले ठोसे बॅरिओसचे १२०, याचे १०१. आणि बॅरिओस काही थर्मन नव्हे. उंच आहे, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चांगला आहे, पण सावध माणूस. याच्या जागी एखादा खवळलेला पंचविशीतला पोरगा असता तर काय झालं असतं, तो विचारच नको वाटतो.

मुकादम काका (सी-२०१): सुभेदार, तुमचं तांत्रिक सगळं मान्य. पण एक गोष्ट सांगतो. माझी सगळी नोकरी जहाजांवर गेली आणि निम्मा क्रू कायम फिलिपिनो. पॅकियाओची फाइट म्हणजे त्यांची दिवाळी. बंदरात असलो तर बोसनपासून कुकपर्यंत सगळे टीव्हीपाशी, समुद्रात असलो तर कोणीतरी सॅटेलाइट फोनवरून घरी विचारून निकाल आणायचा. फ्लॉइड मेवेदरशी हरला त्या दिवशी मेसमध्ये जेवताना एक शब्द नाही. रस्त्यावर पाव-डोनट विकणारं पोर, सोळाव्या वर्षी पैशासाठी रिंगमध्ये उतरलं, फ्लायवेट या अगदी हलक्या गटापासून सुरुवात करून आठ वजनगटांत चॅम्पियन झालं. दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही. पुढे सेनेटर झाला, २०२२ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, पडला. या मे महिन्यात सेनेटलाही पडला. मला वाटतं, त्याला रिंगमध्येच आपल्या माणसांत असल्यासारखं वाटत असेल. त्याला तुम्ही-आम्ही 'थांब' कसं सांगणार?

देशपांडे काका (ए-४०१): आपण नाही. पण ज्यांच्या हातात कागद आहे त्यांनी सांगायला हवं. २०१९ नंतर एकही लढत न जिंकलेल्या माणसाला वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल पाचवा क्रमांक देतं आणि सरळ टायटलची लढत देतं, हे मला पटलेलं नाही. तिकिटं त्याच्या नावावर खपतात म्हणून हे झालं. रांगेतल्या पोरांवर अन्याय आहे.

डॉ. स्नेहा (सी-५०२): मी बॉक्सिंग बघत नाही, पण हा विषय माझ्या कामातला आहे, म्हणून लिहिते. वाढत्या वयात मेंदूचं आकारमान थोडं कमी होतं. मेंदू आणि कवटीमधल्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात. विशीत जो फटका पचतो त्याच फटक्याने पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला कवटीत रक्तस्राव व्हायची शक्यता जास्त. हा झाला त्याच दिवशीचा धोका. दुसरा धोका हळू येणारा. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेले धक्के, बेशुद्ध न करणारे सुद्धा, साठत जातात आणि त्यातून मेंदूचा आजार होऊ शकतो. १९२८ मध्ये मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बॉक्सर्समधल्या या आजारावर पहिल्यांदा लिहिलं. लक्षणं कधी कधी खेळ सोडल्यावर कित्येक वर्षांनी दिसतात. त्यामुळे लढतीआधीचा एमआरआय चांगला आला म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी कोणालाच सांगणार नाही.

अमेय (बी-३०२): ताई, पण सचिन ४० वर्षांचा होईपर्यंत खेळलाच ना? शेवटी शेवटी शतकं होत नव्हती, तरी आपण वानखेडेवर रडलोच.

डॉ. स्नेहा (सी-५०२): सचिनची नजर थोडी मंदावली तर तो बोल्ड व्हायचा आणि पॅव्हेलियनमध्ये परत जायचा. इथे मंदावलेली नजर म्हणजे थेट डोक्याला फटका आणि उठून परत तीन मिनिटं तेच.

सुभेदार पवार (ए-१०४): डॉक्टर, अगदी हेच. आणि मुकादमभाई, 'थांब' सांगणारा माणूस त्याच्या कोपऱ्यातच बसलेला आहे. फ्रेडी रोच, त्याचा कोच. स्वतः बॉक्सर होता. त्याचे गुरू एडी फच यांनी त्याला सांगितलं होतं, बास कर आता. रोचने ऐकलं नाही, आणखी काही लढती केल्या. आज त्याला पार्किन्सन्स आहे, हात थरथरतात. तेच फच १९७५ मध्ये मनिलाला ज्यो फ्रेझरच्या कोपऱ्यात होते. अलीविरुद्ध चौदा राउंड झाले होते, फ्रेझरचे डोळे सुजून बंद होत आलेले, एकच राउंड उरलेला, तरी फचने त्याला उठू दिलं नाही. मी कोपऱ्यात उभा राहिलोय, म्हणून सांगतो, आपल्या पोराला एका राउंडसाठी बसवायला जी छाती लागते ती ठोसा मारायलाही लागत नाही.

आता माझं स्पष्ट मत. कालची बरोबरी हा त्याच्यासाठी सगळ्यात वाईट निकाल आहे. सपशेल हरला असता तर घरी गेला असता. जिंकला असता तर बेल्ट घेऊन मानाने निरोप घेता आला असता. बरोबरीमुळे आता सगळे म्हणणार, परत लढा. तोही म्हणणार. अलीचंही तसंच झालं. १९७८ मध्ये स्पिंक्सला परतीच्या लढतीत हरवलं, तिसऱ्यांदा चॅम्पियन झाला, निवृत्त झाला. तिथे थांबला असता तर? होम्सकडून एवढा मार खाल्ल्यावरही १९८१ मध्ये बहामात बर्बिकशी लढला, तीही हरला. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. मी या माणसावर मनापासून प्रेम केलंय, अलीवर आणि पॅकियाओवर दोघांवर. म्हणूनच म्हणतो, त्याने आता ग्लोव्ह्ज काढून ठेवावेत.

अमेय (बी-३०२): सुभेदार काका, तुमच्याइतकं मला कळत नाही, पण मी यावर सहमत नाही. परवाना कमिशनने दिला, डॉक्टरांनी तपासलं, तो स्वतः शुद्धीत निर्णय घेतोय. बारा राउंड उभा राहिला, पडला नाही, आणि नवव्यापर्यंत पुढे होता, हे तुम्हीच सांगताय. मग चाळीसच्या वर कोणालाच लढू द्यायचं नाही का?

सुभेदार पवार (ए-१०४): वयाची एक रेघ ओढा असं मी म्हणत नाही. माणसागणिक बघावं. पण बघणाऱ्याने तिकिटांचा हिशेब बाजूला ठेवून बघावं. तू संध्याकाळी ये, आपण चौथा राउंड आणि अकरावा राउंड एकापाठोपाठ लावू. आवाज बंद करून. ठोसे बघायचे नाहीत, फक्त त्याचे पाय बघायचे. मग परत भांड माझ्याशी.

अमेय (बी-३०२): येतो. सातला?

रूपाली वहिनी (बी-१०३): सुभेदार काका, हे सगळं वाचून पोटात गोळा आला. आमची मुक्ता बारा वर्षांची आहे, जूनपासून बॉक्सिंगला जातेय. काढून घेऊ का तिला?

सुभेदार पवार (ए-१०४): वहिनी, काढू नका. या वयात तीन छोटे राउंड, हेडगार्ड घातलेला, रेफरी लगेच थांबवतो. त्या जगाचा आणि बारा राउंडच्या धंद्याचा फार संबंध नाही. फक्त दोन गोष्टी तिच्या सरांना विचारा. सरावात आठवड्यातून किती वेळा डोक्यावर खरे ठोसे देतात? आणि डोक्याला लागून चक्कर आली तर किती दिवस बसवतात? दुसऱ्याचं उत्तर 'बघू' असं आलं तर मला सांगा.

डॉ. स्नेहा (सी-५०२): आणि तसं कधी झालं तर शाळेच्या अभ्यासालाही एक-दोन दिवस विश्रांती द्या, मोबाइल कमी. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय परत रिंगमध्ये नाही. मला केव्हाही फोन करा.

रूपाली वहिनी (बी-१०३): थँक्यू दोघांनाही 🙏 मंगळवारी क्लास आहे, तेव्हाच विचारते.

सुभेदार पवार (ए-१०४): मंगळवारी मी मोकळाच आहे. किती वाजता निघता? मीच येतो बरोबर.