मदत हवी आहे: काळी माती, बोअरचं पाणी आणि बारमाही फुलबाग. सुरुवात कुठून करू?

फुलपाखरू:
नमस्कार. साताऱ्याजवळ घर आहे, तोंड पूर्वेला. समोर दक्षिणोत्तर ३० फूट आणि पूर्व-पश्चिम २० फूट मोकळी जागा. माती काळी, दीड फुटाखाली मुरूम. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर धरतो. दक्षिणेला कुंपणापलीकडे ६ फुटांवर शेजारचं दुमजली घर आहे, उंची साधारण २२ फूट. तीन-चार वर्षांत बारा महिने काही ना काही फुलत राहील अशी बाग हवी आहे. कामं घरच्या घरीच करायची आहेत, म्हणून एकदम पसारा नको.
या पावसाळ्यात काय लावू? सोनचाफा भिंतीपासून किती लांब हवा? आणि जमिनीत लावलेल्या अनंताची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेणखत घालूनही फरक नाही.

पाचट:
आधी अनंताचं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी पडतंय. काळ्या चुनखडीच्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास असतो, त्यात बोअरचं पाणी क्षारांची भर घालतं. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, म्हणून नुसत्या शेणखताने लगेच सुधारणा दिसत नाही.

एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूफूल) आणि मग ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवा. संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-दहा दिवसांनी तीनदा. फरशीवर किंवा रंगवलेल्या भिंतीवर उडालं तर गंजाचे डाग पडतात, ते निघत नाहीत. मुळांतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (मातीत अडकू नये म्हणून बांधलेलं) लोह मागा. दुकानात बहुतेक वेळा ईडीटीए हातात पडतं. ते स्वस्त असतं, पण या सामूला टिकत नाही. खरं सांगायचं तर अनंत तुमच्या जमिनीचा नव्हेच. १६ इंची कुंडी, लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी, एवढ्यावर तो खूश राहील.

खुरपं:
निचऱ्यासाठी काळ्या मातीत दोन-चार घमेली वाळू मिसळा, माती भुसभुशीत होईल.

पाचट:
नाही होणार. निम्म्याच्या आसपास वाळू पडेपर्यंत काळी माती ढिम्म हलत नाही. तेवढ्या पैशांत शेणखत आणि ताग (मातीत गाडायचं हिरवळीचं खत) होतो.

निचरा आधी तपासून घ्या. मे महिन्यात २ × २ × २ फुटांचा खड्डा घ्या, संध्याकाळी काठोकाठ भरा. पाणी जिरलं की पुन्हा भरा. सकाळीही पाणी दिसलं तर खालचा मुरूम वाटीसारखं पाणी धरतोय. मग खड्डे नकोत, एक फूट उंच गादीवाफे करा आणि मधल्या चराला उतार देऊन पाणी बाहेर काढा. पावसाळ्यात रोपं मरतात ती बहुधा मुळं कुजून. वरून मलूल दिसतात, आणि माणूस आणखी पाणी घालतो!

रानजाई:
फुलपाखरूताई, झाडांची यादी करण्याआधी सावलीचा हिशेब करा. साताऱ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, शेजारच्या घराची सावली तुमच्याकडे येतच नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो आणि २२ फुटी घराची भरदुपारची सावली १९ फूट उत्तरेला पडते. मधले ६ फूट वजा केले तर तुमच्या जागेचे दक्षिणेकडचे १३ फूट हिवाळ्यात सावलीत. तिथे गुलाब आणि शेवंती लावली तर नुसती पानं येतील. मोगरा मात्र लावा, त्याचा बहर मार्च ते जूनचा, तेव्हा तिथे ऊन असतं. कडेला अबोली चालेल.

पहिल्या वर्षी वेळ घेणारी दोनच झाडं लावा: सोनचाफा आणि पारिजातक. सोनचाफा कलमीच घ्या; बियांच्या झाडाला फुलं यायला सात-आठ वर्षं सहज जातात. भिंतीपासून १० फूट ठेवा आणि कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहू द्या. सांध्याखालून येणारे फुटवे लगेच काढा.

उरलेल्या जागेत जूनमध्ये ताग पेरा, अर्धा किलो बी पुरे. साधारण ४५ दिवसांनी, फुलावर येताना, कापून मातीत गाडा. उशीर केला तर खोड चिवट होतं, कुजता कुजत नाही. एका पट्ट्यात दसऱ्यासाठी झेंडू करा. सप्टेंबरअखेर ताग कुजलेला असेल, मग उत्तरेच्या बाजूला ॲस्टर, फ्लॉक्स, पिटुनिया.

दुसऱ्या वर्षी मोगरा, जुई, कुंद, जास्वंद, निशिगंधाचे कंद. गुलाब तिसऱ्या वर्षी, तोवर माती सुधारलेली असेल.

फुलपाखरू:
फार उपयोगी. सावलीचं डोक्यातच आलं नव्हतं. नर्सरीतली रोपं लाल मातीच्या गोळ्यात असतात, तो गोळा तसाच ठेवून लावायचा ना? मुळं दुखावतील म्हणून विचारते. आणि शेवंती फाटकाजवळ चालेल का? तिथे रात्रभर दिवा असतो.

रानजाई:
गोळा तसाच ठेवू नका. विटेसारखा घट्ट चिकणगोळा काळ्या मातीत ठेवला की मुळं त्यातच घुटमळतात. उन्हाळ्यात भोवतालची माती ओली असूनही गोळा कोरडा राहतो. पिशवीसकट अर्धा तास पाण्यात बुडवा, बाहेरची इंचभर माती हाताने सैल करा, गोल फिरलेली मुळं सोडवा आणि मग लावा. सोनचाफ्याला जरा हलक्या हाताने, त्याला मुळं तुटलेली सोसत नाहीत.

शेवंती फाटकाजवळ नको. रात्र मोठी झाली की तिला कळ्या धरतात. दिव्याखाली तिच्या लेखी दिवस मावळतच नाही, झाड नुसतं उंच वाढतं. दिवा फुलं येईपर्यंत रात्री बंद ठेवता येत असेल तरच तिथे लावा. तिच्याऐवजी फाटकावर बोगनवेल चढवा; एकदा रुजली की पाणी कमी द्या, तेव्हाच ती रंगते.

पाचट:
दोन गोष्टी राहिल्या. अर्धवट कुजलेलं शेणखत घालू नका, हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) त्यातूनच येते. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी तिचे भुंगे कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. जवळ अशी झाडं असतील तर फांद्या हलवून भुंगे पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका.

मोगऱ्याला डिसेंबरच्या मध्यापासून पाणी तोडा. जानेवारीअखेर दीड फुटावर छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा, शेणखत घालून मग पाणी सुरू करा. ताण न देता वर्षभर पाणी पाजलेला मोगरा हिरवागार दिसतो आणि गजऱ्यापुरतीही फुलं देत नाही. जानेवारीत हीच बाजू सावलीत असते, त्यामुळे ओल लवकर हटणार नाही. त्या दीड महिन्यात मोगऱ्याखाली पाचटाचं आच्छादन असेल तर ते बाजूला सारून ठेवा.