द्राक्षाचा रीफर आधी गार करून भरायचा की नाही?

निफाड_पॅकहाउस
युरोपला द्राक्ष पाठवायचा हंगाम सुरू झाला की नाशिक पट्ट्यात एक प्रकार सर्रास दिसतो. रिकामा रीफर (माल गार ठेवणारा कंटेनर) आला की तो शून्यावर लावायचा, दोन-तीन तास चालवायचा, मग दारं सताड उघडून माल भरायचा. माझं स्पष्ट मत आहे की अँटी-रूमच्या (शीतगृहापुढच्या गार खोलीच्या) दाराला कंटेनर हवाबंद बसत नसेल तर हे बंद करावं. डिझेल जातं ते जातंच, वर माल ओला होतो.

मार्चच्या दुपारी बाहेर ३२ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असते. आपण तिला कोरडी हवा म्हणतो, पण तिचाही दवबिंदू १२ अंशांच्या आसपास येतो. त्याहून गार पत्रा त्या हवेला लागला की पाणी धरणारच. भिंती, छत, तळाच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, सगळं घामेजतं. छतावरचे थेंब वरच्या खोक्यांवर पडतात, पुठ्ठा मऊ होतो आणि वाटेत पॅलेटचा कोपरा बसतो.

खरं नुकसान पॅडमध्ये आहे. बुरशी रोखायला खोक्यात सल्फर पॅड ठेवतात, त्यातलं सोडियम मेटाबायसल्फाइट ओलावा मिळाला की गॅस सोडतं. ड्युअल पॅडचा एक थर पहिल्या एक-दोन दिवसांत काम करतो, दुसरा पुढे काही आठवडे हळूहळू पुरतो. लायनरच्या (खोक्यातल्या प्लास्टिक पिशवीच्या) आत पाणी शिरलं तर हे वेळापत्रक कोलमडतं. सुरुवातीला गॅस जास्त सुटून मणी देठाकडून पांढरे पडतात, आणि शेवटच्या आठवड्यात राखाडी बुरशी अडवायला काही उरत नाही. डिसेंबर २०२३ नंतर जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. तेव्हा हा शेवटचा आठवडा किती महाग पडतो ते सगळ्यांना कळलं.

पिंपळगाव_एक्स्पोर्ट
दादा, दवबिंदूचा मुद्दा मान्य, पण निष्कर्ष मान्य नाही. उन्हात उभा असलेला कंटेनर आतून चाळीसच्या वर जातो. त्यात शून्य अंशाचा माल ठेवायचा? खालचे थर तापणार नाहीत का?

शिवाय गार कंटेनरला पाणी सुटतं म्हणता, तर गार मालाला सुटत नाही? खोकी शून्यावर आहेत. उघड्या प्लॅटफॉर्मवर आणली की तेच दव त्यांच्यावरही धरणार. कंटेनर गरम ठेवल्याने माल कोरडा राहत नाही, दव फक्त जागा बदलतं. आणि बऱ्याच खरेदीदारांच्या यादीत ‘कंटेनर प्रीकूल्ड’ (आधी गार केलेला) असा रकाना असतो, मशीनच्या डिस्प्लेचा फोटो मागतात. तो रकाना तुम्ही भरून देणार का?

रीफर_टेक्निशियन
तापलेल्या कंटेनरची भीती आकड्यांत बघू. आतला पत्रा आणि तळ मिळून समजा एक टन धातू, ४० अंशांवर. तो शून्यावर आणायला साधारण ३६ हजार किलोज्यूल उष्णता काढावी लागते. आत १३ टन द्राक्ष आहे. त्याचं तापमान एक अंशाने वाढायला जवळपास ४८ हजार किलोज्यूल लागतात. म्हणजे मशीन बंदच राहिलं आणि धातूची सगळी उष्णता मालात गेली, तरी सरासरी वाढ पाऊण अंश.

आता दुसरी बाजू. माल गार करायचा प्रीकूलिंग चेंबर भरलेला म्हणून घाई केली आणि माल ० ऐवजी ४ अंशांवर भरला, तर १ लाख ९२ हजार किलोज्यूल जादा आत गेले. पत्र्याच्या पाचपट. वाद घालायचा तर यावर घाला.

रीफर हे थंड माल थंड ठेवायचं यंत्र आहे, गरम माल गार करायचं नाही. १० किलोवॅटने ती उष्णता कागदावर पाच-सहा तासांत निघते. प्रत्यक्षात हवा तळातून वर येताना पॅलेटच्या फटी शोधते, आणि मधल्या खोक्याचं तापमान खाली यायला दिवस लागतात. तोवर देठ सुकून तपकिरी व्हायला लागलेले असतात.

पिंपळगाव_एक्स्पोर्ट
सरासरी पाऊण अंश ठीक. पण उष्णता सरासरीने वाटली जात नाही, ती तळाच्या थरालाच जाते.

रीफर_टेक्निशियन
तळाचं खोकं लाकडी पॅलेटवर असतं, पत्र्यावर नाही. दार लावून मशीन सुरू केलं की पहिली गार हवा त्या पट्ट्यांमधूनच वाहते, त्यामुळे तळ लवकर गार होतो. पॅलेट न वापरता खोकी थेट तळावर रचत असाल तर तुमची शंका रास्त आहे.

एक अट मात्र दोन्ही गटांनी पाळावी. दार उघडं असताना मशीन बंदच हवं. चालू ठेवलं की पंखे बाहेरची दमट हवा ओढतात, कॉइलवर बर्फ चढतो, आणि दार लावल्यावर पहिला वेळ तो वितळवण्यात (डीफ्रॉस्टमध्ये) जातो.

तळोजा_फ्रोझन
मासळीवाल्यांकडून एक भर. पावसाळ्यात हवा २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची, दवबिंदू २५. उणे १८ वर आणलेला कंटेनर या हवेत उघडला की पाणी नाही, थेट हिमकण जमतात. तळ निसरडा होतो, पॅलेट ट्रक घसरतो, खालची कार्टन पट्ट्यांना चिकटतात. ऑगस्टमध्ये मासेमारीबंदी उठून मासळी सुरू होते, नेमका तोच काळ. म्हणून बंद डॉक (कंटेनरचं दार हवाबंद बसेल अशी भरायची जागा) नसेल तर आमच्याकडेही आधी गार करणं टाळावं, असंच म्हणेन. फक्त द्राक्षाची रचना आमच्या मालाला लावू नका. फ्रोझनमध्ये हवा मालाभोवती फिरवायची असते, म्हणून कार्टन घट्ट रचतात. ताज्या फळात ती मालामधून जायला हवी.

आईस्क्रीम_वितरण
मग गाडी आधी गार करा, असं आम्हाला का शिकवतात?

रीफर_टेक्निशियन
कारण गाडी वेगळी. तिथे बहुधा वरून हवा सोडतात, मशीन छोटं, माल थोडा, आणि दिवसभरात दारं पुन्हापुन्हा उघडायची. तिची बॉडी आधी गार केलीच पाहिजे. गाडीचा नियम कंटेनरला चिकटला आणि तिथून हा गोंधळ सुरू झाला, असा माझा अंदाज.

निफाड_पॅकहाउस
@पिंपळगाव, रकान्याबद्दल. पीटीआय आणि प्रीकूलिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटेनर यार्डातून निघण्याआधी मशीनची तपासणी म्हणजे पीटीआय, ती हवीच, तिचा कागद मागाच. प्रीकूलिंगच्या रकान्यात ‘डॉक बंद नाही, म्हणून केलं नाही’ असं लिहून सोबत मण्यांच्या तापमानाची नोंद द्या. नुकसानभरपाईचा क्लेम झाला की मशीनची नोंद काढतात. पहिले दोन दिवस परतीची (मालातून मशीनकडे येणारी) हवा गरम दिसली, तर जहाज कंपनी माल गरम भरला म्हणून हात वर करते. तेव्हा तुमच्याजवळ दर पॅलेटच्या मण्यांचं तापमान असेल तर बोलता येतं. डिस्प्लेचा फोटो तिथे काही कामाचा नाही.

मालावर दव येतं हे खरंच. पण खोकं, लायनर, पनेट (छोटा डबा) असे थर असतात, दव आत पोचायला वेळ लागतो. पॅलेट ट्रकने २० पॅलेट पाऊण तासात आत गेली तर वाचतं. एकेक खोकं हाताने भरत तीन तास लावले तर काहीही करा, ओलं होणारच.

पिंपळगाव_एक्स्पोर्ट
मग मधला मार्ग का नको? कंटेनर शून्यावर नव्हे, १५ वर आणायचा. दवबिंदू १२ असेल तर पत्रा घामेजत नाही आणि चाळीसचा तळही राहत नाही. तासाभराचं काम. आर्द्रता दाखवणारा मीटर दाराशी टांगा, दवबिंदू काढा, त्यावर तीन अंश ठेवा. पहाटे आर्द्रता वेगळी, दुपारी वेगळी, त्यामुळे ठरावीक आकडा चालणार नाही.

निफाड_पॅकहाउस
हे चालेल. तरी मी सावलीत उभा करून रात्री भरणं पसंत करीन, एक तास डिझेलही वाचतं.

पिंपळगाव_एक्स्पोर्ट
रात्री भरायला रात्रीची माणसं लागतात. एप्रिलमध्ये ती मिळाली तर सांगा.

रीफर_टेक्निशियन
भरून झाल्यावरचं राहिलं. आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर खोकी नकोत, नाहीतर परतीची हवा अडते. दाराकडे तळाची मोकळी पट्टी उरते ती जाड पुठ्ठ्याने झाका. उघडी राहिली तर हवा मालात न शिरता तिथूनच वर पळते आणि शेवटची पॅलेट गरम राहतात. सेटिंग उणे अर्धा ते शून्य. देठ उणे २ च्या आसपास गोठतो, म्हणून त्याखाली उगाच हौस नको. व्हेंट (बाहेरची हवा आत घेणारं झडप) बंद किंवा अगदी किंचित उघडं. तापमान नोंदवणारा लॉगर दाराजवळच्या पॅलेटवर लावा, कारण गरम जागा बहुधा तिथेच. तो हवेचं तापमान दाखवतो, मण्याचं नाही. मण्यासाठी सुईचा थर्मामीटर, आणि तो रोज सकाळी बर्फ कालवलेल्या पाण्यात शून्य दाखवतो का ते बघायचं.