जिल्हा न्यायाधीशांची बदली सरकारच्या हातात आहे का?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर): इथल्या जिल्हा न्यायाधीशांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. निकाल सरकारविरुद्ध गेला की बदली, असं होऊ शकतं?

उत्तर १: नाही हो. नेमणूक राज्यपालांची, तीही उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून. पण संविधानाच्या कलम 235 मुळे बदलीचा अधिकार उच्च न्यायालयाचा. आदेश जबलपूरच्या उच्च न्यायालयातून निघतो, भोपाळच्या सरकारकडून नाही.

उत्तर २: उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार राज्याच्या एकत्रित निधीवर (मुख्य तिजोरीवर) भारित. म्हणजे विधानसभेत चर्चा होते, मतदान नाही; निवृत्तिवेतन तर केंद्राच्या निधीतून. जिल्हा कोर्टाच्या इमारती नि कारकुनांच्या खर्चाला मात्र मंजुरी लागते. घोडं तिथंच अडतं.

उत्तर ३: उच्च न्यायालयातली बदली कलम 222 खाली, राष्ट्रपतींकडून. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालापासून सरन्यायाधीशांच्या शिफारशीशिवाय ती होत नाही. पण शिफारशीवर निर्णय कधी घ्यायचा, याची मुदत संविधानात नाही. खरी फट तीच!