गच्चीच्या टाइल्स आणि जिन्यातल्या जाळ्या

सचिव: नमस्कार. रविवारच्या सभेत दोन विषय आहेत. वॉटरप्रूफिंगनंतर गच्चीवर गडद करड्या टाइल्स आणि जिन्यातल्या सिमेंटच्या जाळ्या काढून तिथे फिक्स काच. हरकती इथेच लिहा, सभेत नकोत.

ए-७०२: माझी हरकत घ्या लिहून. गडद टाइल कोणाच्या डोक्यातून आली? गच्ची आमच्या डोक्यावर आहे. रात्री अकरालाही छताला हात लावला तर कोमट लागतं.

बी-१०१: काका, पांढरी टाइल लगेच काळी पडते म्हणून.

ए-७०२: पडते ना, शेवाळ धरतं. मग धुवायची! पांढरा रंग नवा असताना ७०-८० टक्के ऊन परतवतो. मळला की कमी, तरी गडदपेक्षा कितीतरी बरा.

बी-५०३: काका बरोबर बोलतायत. उष्ण कटिबंधात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त छत भाजतं. त्यानंतर नंबर पूर्व-पश्चिम भिंतींचा. दक्षिणेला साधा छज्जा पुरतो, पण पश्चिमेचं ऊन तिरपं, छज्ज्याखालून सरळ आत. तिथे उभ्या पट्ट्या किंवा बांबूची चटई, तीसुद्धा खिडकीच्या बाहेरून. आतल्या पडद्याने उजेड अडतो, उष्णता तर काचेतून आत आलेली असते.

सी-२०४: पण जाड भिंतींची जुनी घरं थंड असतात ना? आणि आम्ही कूलर घेतलाय, त्याने काहीच होत नाही.

बी-५०३: ताई, दोन्ही गोष्टी कोरड्या हवेच्या. तिथे रात्री पारा दणकन उतरतो, भिंत दिवसाची उष्णता रात्री बाहेर टाकून मोकळी होते. दमट हवेत रात्रही उकडतेच, मग भिंत गार व्हायची कधी? आणि कूलर तर हवेत आणखी ओल सोडतो. आपला त्रास नुसत्या तापमानाचा नाही, घाम वाळत नाही हा आहे. अंगावरून हवा वाहिली पाहिजे. सेकंदाला एक मीटर वाऱ्यानेही दोन-तीन अंश कमी वाटतं. म्हणून मला टाइलपेक्षा काचेची जास्त काळजी वाटते.

डी-३०१: 🌹 शुभ सकाळ 🌹

सचिव: ताई, विषय चालू आहे.

बी-१०१: काचेने जिना छान दिसेल हो. पावसाचं पाणीही आत येणार नाही.

बी-५०३: दिसेल छान, तापेलही छान. जिना म्हणजे आपलं धुराडं आहे. गरम हवा चढते, वरच्या जाळीतून निघून जाते, खाली नवी हवा आत ओढली जाते. ते तोंडच बुजवायचं? वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात तिरुवनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारतींत विटांच्या जाळ्या मुद्दाम ठेवल्या, त्या अशाच हवेसाठी. पाऊस अडवायला बाहेर उतरत्या पट्ट्या लावा.

सी-४०२: शेवटी सगळे एसीच लावणार. कशाला एवढा खल?

बी-५०३: लावा की. पण वाऱ्याचं घर सगळीकडून उघडं हवं आणि एसीची खोली घट्ट बंद हवी, एकाच खोलीत दोन्ही जमत नाही. एसी चालू ठेवून खिडकी किलकिली ठेवली की दमट हवा आत येऊन गार भिंतीवर पाणी धरते, मग बुरशी. एक झोपायची खोली बंद करा, बाकी घर वाऱ्याला सोडा. आणि छत गार असेल तर एसीही कमी राबेल.

सी-२०४: आमच्या सरकत्या खिडक्या अर्ध्याच उघडतात. 😐

बी-५०३: बदलाल तेव्हा बिजागरीच्या घ्या. पूर्ण उघडतात.

सचिव: ठीक. कंत्राटदाराकडून पांढऱ्या टाइलचा दर मागवतो. जाळ्या तूर्त आहेत तशाच, पट्ट्यांचं वेगळं कोटेशन.

बी-१०१: आणि पांढरी गच्ची धुणार कोण? ७०२ काका?

ए-७०२: वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. कंत्राटातच लिहून घ्या.