दवाखान्यातल्या भरतीचा क्रम: फझी एएचपीत एका निकषाला शून्य वजन का येतं?

प्रश्न (कणकवली): पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), सर्पदंश, दमा सगळंच एकदम येतं. भरतीच्या यादीसाठी पाच निकष घेतलेत: गंभीरता, बिघडण्याचा वेग, वय, सोबतचे आजार, घरापासूनचं अंतर. फझी एएचपीत (निकषांची दोन-दोन करून तुलना करून, अंदाजाची धूसरता धरून, प्रत्येकाचं वजन म्हणजे महत्त्व काढायची रीत) चँगच्या पद्धतीने वजनं काढली, तर अंतराला चक्क शून्य. काय चुकलं?

उत्तर (रत्नागिरी): चूक पद्धतीतच आहे. दोन त्रिकोणी संख्या (खालचा, मधला, वरचा अशा तीन आकड्यांत मांडलेला अंदाज) एकमेकींना छेदत नसल्या की चँगच्या १९९६च्या पद्धतीत धाकट्या निकषाला शून्य मिळतं. बकलीचा भूमितीय मध्य घ्या. तुलनेच्या तक्त्यात प्रत्येक ओळीतल्या खालच्या, मधल्या, वरच्या आकड्यांचा वेगवेगळा गुणाकार, त्याचं पाचवं मूळ, मग बेरजेने भागा. भागताना खालच्या आकड्याला वरच्यांची बेरीज आणि वरच्याला खालच्यांची; इथेच हटकून घोळ होतो. त्याआधी मधल्या आकड्यांचं सुसंगती गुणोत्तर (तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत ते) ०.१०च्या आत आहे ना, बघा.

उत्तर (अलिबाग): पुढे टॉप्सिस (सर्वोत्तम आणि सर्वात वाईट अशा आदर्श बिंदूंपासून कोण किती दूर यावरून क्रम लावणारी पद्धत) लावणार असाल तर जपून! ऑक्सिजन ८६ टक्के असलेला तरणाताठा, जवळचा पेशंट खाली घसरू शकतो, कारण एका निकषातली निकड बाकीचे झाकून टाकतात. शॉक, पापण्या मिटायला लागलेला सर्पदंश, न्यूज-२ (नाडी, श्वास, ऑक्सिजन वगैरेंवरून काढलेले गंभीरतेचे गुण) सात किंवा जास्त: यांना गणितात घालूच नका, थेट खाट. (न्यूज-२ गरोदर बायका आणि १६ खालच्यांसाठी नाही.)

उत्तर (रत्नागिरी): आणि आदर्श बिंदू त्या दिवशीच्या यादीतून काढू नका. गुण ० ते १० असतील तर (०,०,०) आणि (१०,१०,१०) हे बिंदू कायम ठेवा, भागाकारही १० नेच. नाहीतर नवा पेशंट आला की जुन्यांचा आपसातला क्रम उलटतो. घरापासूनचं अंतर मात्र किलोमीटरऐवजी मिनिटांत घ्या. घाटात दरड आली की किलोमीटरला अर्थ नाही.